काळ्या दगडावरची रेघ

लिमाच्या विमानतळावर एक्स-रेच्या पट्ट्यावरून माझी पिशवी बाहेर आली ती थेट बाजूच्या टेबलावर गेली. का, ते मला ठाऊक होतं. आत स्वेटरमध्ये गुंडाळलेला, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा, दीडेक किलोचा काळा दगड होता. तपासणीच्या बाईंनी स्वेटर उलगडला, दगडावरचं चित्र पाहिलं आणि कुणाला तरी हाक मारली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण मुलगा आला. पेरूमधून प्राचीन वस्तू बाहेर नेणं हा गुन्हा आहे हे मी वाचलं होतं, त्यामुळे पोटात गोळा आला. त्या मुलाने दगड दिव्याखाली धरला, अंगठ्याने एकदा घासला, मग नाकाशी नेऊन चक्क हुंगला. आणि हसला. "दिनोसाउरिओ," तो बाईंना म्हणाला. त्याही हसल्या. दगड माझ्या हातात परत. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"सुटलो बाई एकदाच्या," ताई म्हणाली.

सुटलो खरं, पण मला राग आला होता.

विमान सुटेपर्यंत मी त्या रागाचाच विचार करत बसले. दगड बनावट आहे हे मला माहीत होतं. विकणाऱ्याने तसं जवळपास सांगितलंच होतं, ताईने तर पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. मग त्या मुलाने निदान दोन मिनिटं तरी विचार करावा, एखाद्या वरिष्ठाला बोलवावं, एखादं रजिस्टर उघडावं, असं मला का वाटत होतं? तसं झालं असतं तर दंड, चौकशी, कदाचित विमानही चुकलं असतं. पण दगड अडवला असता तर तो खरा असण्याची शक्यता तरी उरली असती. मला सोडून दिलं, म्हणजे दगड खोटा. आपली अब्रू वाचावी आणि दगडाचीही वाचावी, असं दोन्ही मला हवं होतं, आणि त्या टेबलावर ते एकत्र मिळण्यासारखं नव्हतं.

इकाला आम्ही मुळात थांबणारच नव्हतो. लिमाहून नास्काला निघालो होतो, तिथल्या वाळवंटातल्या रेघा बघायला. मधे एक रात्र मुक्काम म्हणून इका. लिमापासून तीनशे किलोमीटर, पॅन-अमेरिकन महामार्गावरून. एका बाजूला धुक्यात बुडालेला समुद्र, दुसऱ्या बाजूला राखेच्या रंगाचं वाळवंट, आणि मधूनच एखाद्या नदीच्या कृपेने द्राक्षांचा आणि कापसाचा हिरवा पट्टा. गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवर वाकाचिना नावाचं तळं आहे, वाळूच्या उंच टेकड्यांच्या कुशीत, भोवती ताडामाडांसारखी झाडं. तिथे संध्याकाळी टपऱ्या लागतात. मण्यांच्या माळा, लोकरीच्या टोप्या, आणि दगड. काळे, गुळगुळीत, नदीने गोल केलेले दगड, त्यांच्यावर पांढुरक्या रेघांनी कोरलेली चित्रं: पक्षी, मासे, दुर्बीण लावून आकाश बघणारा माणूस, आणि डायनोसोर. डायनोसोरवर बसलेला माणूस. डायनोसोरच्या मानेत कुऱ्हाड घालणारा माणूस.

विकणारा पन्नाशीचा असावा. बसल्या बसल्या एक दगड मांडीवर घेऊन तो त्याच्यावर रेघा भरत होता. हातात करवतीच्या पात्याचा तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. पातं दगडावरून ओढलं की बारीक खर्र आवाज यायचा, पांढरी भुकटी उडायची, आणि तो फुंकर मारायचा. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख पार काळं होतं, दाराच्या फटीत सापडल्यावर होतं तसं. मी मनात म्हटलं, लागलं असेल बिचाऱ्याला. मी माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, खरा आहे का? त्याने मान वर केली, माझ्याकडे, मग ताईकडे पाहिलं, आणि फार शांतपणे म्हणाला, "दगड जुना आहे, सेन्योरा."

यात खोटं काय होतं? दगड जुना होताच. अँडेसाइट, ज्वालामुखीच्या पोटातून आलेला. मी चाळीस सोल मोजले.

या दगडांचं सगळं पुराण एका वाढदिवसापासून सुरू होतं. १९६६ साली इकामधले एक डॉक्टर, हाविएर काब्रेरा, यांना वाढदिवसाला कुणीतरी एक कोरीव दगड भेट दिला, कागदांवर ठेवायला. दगडावर एक मासा होता. काब्रेरांना वाटलं की हा मासा तर कधीच नामशेष झालेला आहे. मग तो ज्याने कोरला त्याने पाहिला कुठे? त्या प्रश्नाने माणसाला धरलं ते कायमचं. सोल्दी नावाचे दोन भाऊ प्राचीन वस्तू जमवायचे, त्यांच्याकडून त्यांनी तीनशे एक्केचाळीस दगड पंचेचाळीस डॉलरला घेतले. मग ओकुकाहे गावच्या बासिलिओ उस्चुया नावाच्या शेतकऱ्याकडून घेत राहिले. हा सांगायचा की दगड एका गुहेत सापडतात. गुहा कुठे आहे ते मात्र कधी सांगायचा नाही. होता होता अकरा हजारांच्या वर दगड जमले. डॉक्टरांनी दवाखाना सोडला, पुस्तक लिहिलं, १९९६ मध्ये संग्रहालय रीतसर उघडलं आणि २००१ मध्ये ते गेले.

ते दगड आम्ही पाहिले. इकाच्या मुख्य चौकातच, बाहेरून साध्याशा दिसणाऱ्या घरात. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा, आणि मग कोंदट धुळीचा वास. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर दगडच दगड; मुठीएवढ्यापासून ते चार माणसांनी उचलावे लागतील असे. डॉक्टरांनी त्यांची विषयवार मांडणी केली होती. प्राणी, खगोल, भूगोल, आणि शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेच्या दगडांसमोर आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. टेबलावर आडवा माणूस, छाती उघडलेली, हृदय काढून दुसरं बसवताहेत, नळ्या, हत्यारं. काब्रेरांचं म्हणणं असं की कोट्यवधी वर्षांपूर्वी एक अतिप्रगत मानवजात इथे राहत होती, तिने आपलं ज्ञान दगडांवर लिहून ठेवलं आणि मग ती पृथ्वी सोडून कृत्तिकांकडे निघून गेली. ऐकायला हसू येतं. पण त्या खोलीत हसू आलं नाही. मला सारखं वाटत राहिलं, की हा माणूस डॉक्टर होता म्हणून त्याला दगडात शस्त्रक्रिया दिसल्या, की तो डॉक्टर आहे हे ठाऊक असल्यामुळे कुणीतरी त्याच्यासाठी शस्त्रक्रिया कोरत गेलं? पहिलं हृदयारोपण केपटाऊनला डिसेंबर १९६७ मध्ये झालं आणि त्याचे फोटो जगभरच्या मासिकांत छापून आले. गिऱ्हाईक काय मागतं हे ज्याला कळतं तो उपाशी राहत नाही.

अकरा हजार दगड एकटा शेतकरी कसा कोरेल, हा काब्रेरांच्या बाजूने नेहमी विचारला जाणारा सवाल. मी फळ्यांसमोर उभी राहून मनात हिशेब केला. रोज एक म्हटलं तरी तीस वर्षं. रोज चार म्हटलं तर साडेसात. आणि कोरणारं घर एकच होतं असं कुणी सांगितलं? बासिलिओ स्वतःही म्हणायचा की सगळे दगड माझे नाहीत. अख्ख्या वाडीने पापड लाटावेत तसं हे काम असेल तर अकरा हजार हा आकडा काही फार मोठा नाही.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत ताईने माझा दगड मागून घेतला. ताई दातांची डॉक्टर आहे, तेहेतीस वर्षं लोकांच्या तोंडात बघण्यात गेली. तिने फोनचा टॉर्च लावला, तो आडवा धरला म्हणजे खाचांत सावली पडते, आणि चष्मा कपाळावर सरकवून दगडाला अगदी डोळा लावला. पेशंटचं तोंड बघते तसंच, तोंडाने हं हं करत.

"हे बघ," ती म्हणाली. "ही बाहेरची कड आहे ना, ती बरने काढलीय, ड्रिलच्या फिरत्या टोकाने. राउंड बर."

"कशावरून?"

"खाचेचा तळ बघ. गोल आहे, वाटीसारखा. आणि त्यात बारीक बारीक लाटा दिसतायत? ड्रिल फिरताना हात थरथरला की अशा लाटा येतात. शिकाऊ पोरं दात कोरतात तेव्हा येतात. आणि इथे, शेपटीच्या टोकाशी, बर सटकलाय." खरंच, डायनोसोरच्या शेपटीच्या टोकापुढे एक केसाएवढी रेघ उगाचच बाहेर गेली होती. "आता या आतल्या रेघा बघ. या टोकदार आहेत, खाली निमुळत्या. या पात्याने ओढलेल्या. तुझ्या माणसाने या भरल्या असतील. पण कड दुसऱ्या कुणीतरी काढून दिलीय. दोन हात लागलेत याला."

मी म्हटलं, "ताई, तू जरा गप्प बस."

योगायोग असा की या सगळ्या वादात दातांच्या डॉक्टरचं ड्रिल खरोखरच आहे. १९७७ मध्ये बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर बासिलिओने डेंटिस्टच्या ड्रिलने 'अस्सल' इका दगड कोरून दाखवला, आणि जुनेपणा आणायला दगड शेणात भाजतो असं सांगितलं. बुटाचं पॉलिशही यायचं या कामी. चित्रं कुठून आणतोस, तर कॉमिक्समधून, मासिकांतून, शाळेच्या पुस्तकांतून. १९७५ मध्येच त्याने आणि इर्मा गुतिएरेस दे आपार्काना या बाईंनी दगड आपण कोरतो अशी कबुली दिली होती. शेती करण्यापेक्षा दगड कोरणं सोपं, असं त्याचं म्हणणं. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढे एका जर्मन पत्रकाराला तोच बासिलिओ म्हणाला, मी कोरतो असं सांगितलं ते तुरुंगात जायला लागू नये म्हणून.

इथे मी अडते. कारण त्याची अडचण मला समजते. पेरूमध्ये १९२९ पासून कायदा आहे की जमिनीखालचा प्राचीन ठेवा सरकारचा. दगड खरे आहेत असं म्हटलं तर तो चोर. तिकडे कबरी खणून माल विकणाऱ्यांना वाकेरो म्हणतात, त्यातला एक. खोटे आहेत म्हटलं तर तो फक्त कारागीर, आणि कारागिराला कुणी पकडत नाही. एका उत्तराला तुरुंग आणि दुसऱ्या उत्तराला मोकळीक, अशी साक्ष जेव्हा असते तेव्हा तिचं वजन किती धरायचं? काब्रेरांचे चाहते याच फटीत बोट घालून बसले आहेत, आणि मला तिथे त्यांच्याशी भांडता येत नाही. भांडता येतं ते दुसरीकडे. माणूस काय बोलला ते बाजूला ठेवून दगड काय बोलतो ते ऐकलं, तर.

आणि दगडाचं बोलणं मला लहानपणापासून थोडंफार कळतं.

आमच्याकडे पाटा-वरवंटा होता, आजीच्या लग्नातला. वर्षातून दोनदा गल्लीतून "टाकीऽऽय, पाट्याला टाकीऽऽय" अशी हाक यायची. टाकीवाली बाई अंगणात फतकल मारून बसायची, पाटा मांडीला टेकवायची, आणि छिन्नी-हातोडीने त्याच्या अंगावर ठिपके पाडत जायची. टक् टक् टक्, एका लयीत. दगडाचा एक वास असतो तेव्हा, ठिणगी पडल्यासारखा, जळका. अर्ध्या तासात काळ्याभोर पाट्याचं अंग पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जायचं, देवी आल्यासारखं. त्या दिवशीची चटणी आजी आम्हाला खाऊ द्यायची नाही, कचकच लागते म्हणून. आणि मग रोज मिरची, हळद, ओलं खोबरं, लसूण, पुन्हा पाण्याने धुणं. ठिपके आधी पिवळे व्हायचे, मग तपकिरी, आणि दिवाळीला पाडलेले ठिपके होळीपर्यंत पाट्याच्या रंगात मिसळून जायचे. बोट फिरवलं तर कळायचे, डोळ्यांना दिसायचे नाहीत. ताजा घाव पांढरा असतो. जुना घाव दगडाच्याच रंगाचा होतो.

इकाच्या दगडांबद्दल जाणकार म्हणतात ते नेमकं हेच. नदीतून वाहत आलेल्या त्या अँडेसाइटवर वर्षानुवर्षांच्या ऊन-पाण्याने एक काळपट साल धरलेली असते, आतल्या दगडापेक्षा मऊ. म्हणूनच करवतीच्या पात्याने ती सोलता येते. सोलली की खालचा फिका रंग दिसतो. आता ही साल धरायला जर हजारो वर्षं लागतात, तर खाच हजारो वर्षांपूर्वीची असेल तेव्हा खाचेतही साल धरायला हवी. तिथे फिकट, स्वच्छ, कडा धारदार असलेली रेघ असेल तर ती टाकीवाली बाई नुकतीच उठून गेली आहे असं समजायचं. दगडाचं वय काढता येतं, पण रेघेचं वय दगडाच्या वयातून निघत नाही. "दगड जुना आहे, सेन्योरा." त्या माणसाने एका वाक्यात हा सगळा वाद सांगितला होता आणि मी ते विनोद समजून पैसे दिले.

आपण म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ. म्हणजे न पुसणारं, न बदलणारं, शंभर टक्के खरं. ही म्हण करणाऱ्याने रेघ कधी ओढली गेली हा प्रश्न विचारलाच नव्हता.

डायनोसोरांचंही तसंच. काब्रेरांच्या फळ्यांवरचे डायनोसोर ताठ उभे राहतात, कांगारूसारखे, जड शेपूट जमिनीवर ओढत. साठच्या दशकातल्या पुस्तकांत ते तसेच काढायचे. नंतर अभ्यासकांचं मत बदललं. ते अंग आडवं ठेवून, शेपूट हवेत उचलून चालायचे असं आता मानतात, कारण त्यांच्या पाऊलखुणांच्या मधोमध शेपटीची फरफट सहसा सापडत नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेला प्राणी प्रत्यक्ष पाहून कोरणाऱ्याने नेमकी १९६० सालातली चूक करावी? मला सगळ्या पुराव्यांत हा पुरावा आवडतो. त्यात कुणाला खोटारडं म्हणावं लागत नाही. चित्रच आपली तारीख सांगतं, जुन्या फोटोतल्या पँटच्या बेलबॉटमसारखी.

पण एवढ्यावर फाईल बंद करायला मी तयार नाही, आणि याचं कारण डॉक्टर काब्रेरा नाहीत. सांतियागो आगुर्तो काल्वो नावाचे एक वास्तुविशारद होते. त्यांनी १९६६ मध्ये ओकुकाहेच्या परिसरात कबरी खणल्या आणि तिथे कोरीव दगड मिळाल्याचं डिसेंबरात 'एल कोमेर्सिओ' या लिमाच्या दैनिकात लिहिलं. त्यांच्या लेखात हृदयारोपण नव्हतं, डायनोसोरची शिकार नव्हती. म्हणजे शक्य आहे की प्रेताशेजारी एखादा कोरीव दगड ठेवायची रीत तिथे कधीतरी होती. फूल, मासा, पक्षी कोरलेले थोडेसे साधे दगड. आणि त्यांच्यावर नंतर अकरा हजार दगडांची दरड कोसळली. आज एखादा खरा दगड त्या चौकातल्या घरात एखाद्या खालच्या फळीवर असला, तरी तो ओळखणार कोण? कुठल्या कबरीतून, किती खोलीवरून, कुणाच्या हाडांजवळून निघाला हे सुटलं की खरा दगडही नुसता दगड. मी त्या खोलीत खाली वाकून एक लहानसा, माशाचं चित्र असलेला, कोपऱ्यात पडलेला दगड पाहिला होता. त्याच्या रेघा मंद होत्या, जवळजवळ बुजलेल्या. धुळीने बुजल्या असतील. हात लावायला परवानगी नव्हती.

त्याच गावात, चौकापासून लांब नाही, सरकारी प्रादेशिक संग्रहालय आहे. तिथे आमच्याशिवाय शाळेची एक सहल होती आणि बाकी शुकशुकाट. काचेत कवट्या होत्या. पाराकासच्या लोकांच्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. कवटीला रुपयाएवढं, काहींना त्याहून मोठं भोक पाडलेलं, आणि भोकाची कड गुळगुळीत, आत वळलेली. ताई तिथेच थबकली. "ही भरून आलीय," ती हलकेच म्हणाली. "हाड भरून आलंय. म्हणजे कवटी उघडल्यानंतर हा माणूस जगलाय. काही वर्षं जगलाय." दगडावरच्या शस्त्रक्रियांपुढे ती एक अक्षर बोलली नव्हती. इथे ती काचेला नाक लावून उभी राहिली, आणि सहलीची मुलं तिच्याकडे बघून आपापसात खिदळत राहिली. काब्रेरांना ज्या इकात अतिप्राचीन शल्यविशारद हवे होते, त्याच इकाच्या मातीत खरे शल्यविशारद निघाले होते, ज्वालामुखीच्या काचेच्या पात्याने काम करणारे.

आणि प्राण्यांचं म्हणाल तर तो किस्सा मला अजूनच विलक्षण वाटतो. ओकुकाहेचं वाळवंट हा एकेकाळचा समुद्राचा तळ आहे. २००८ मध्ये तिथे एका राक्षसी देवमाशाची कवटी मिळाली, दोन वर्षांनी त्याचं बारसं झालं, लिव्याटन. कोटीभर वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे दात छत्तीस सेंटिमीटरपर्यंत. २०२३ मध्ये त्याच इका प्रांतातल्या आणखी जुन्या, जवळपास चार कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशाची बातमी आली. त्याचा एकेक मणका शंभर किलोहून जड. निळ्या देवमाशाहून हा वजनदार असेल असं आधी म्हटलं गेलं, मग दुसऱ्या अभ्यासकांनी हिशेब तपासून नाही म्हटलं, वजन खाली आणलं. तो वादही चालू आहे, पण त्यात मणके टेबलावर आहेत आणि ते कुठल्या थरातून निघाले हे सगळ्यांना माहीत आहे. बासिलिओच्या गावच्या मातीखाली हे एवढं झोपलेलं, आणि कोरायला बसलेल्या हातांनी काढले ते कॉमिक्समधले परदेशी डायनोसोर. मी पाहिलेल्या दगडांत एकही देवमासा नव्हता. मागणी नव्हती त्याला.

घरी आल्यावर दगड माझ्या टेबलावर गेला, कागदांवर. काब्रेरांच्या पहिल्या दगडासारखाच. येणारे-जाणारे विचारायचे, मी गोष्ट सांगायची, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी सुरुवातीलाच "हा खोटा आहे हं" असं सांगितलं तर लोक एकदा बघून चहाकडे वळायचे. "याच्याबद्दल फार वाद आहे" असं म्हटलं की दगड हातोहात फिरायचा, खिडकीशी न्यायचे, नखाने टोकरून बघायचे. हळूहळू मी पहिलं वाक्य गाळायला लागले. बनावट म्हणायचेच, पण शेवटी. चहा संपता संपता. काब्रेरांच्या खोलीत मला जे हसू आलं नाही ते का आलं नाही, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

मागच्या महिन्यात कामाच्या बाईंनी टेबल पुसताना दगडही धुऊन काढला. भांड्यांच्या साबणाने, काथ्याने घासून, मनापासून. पाणी काळं झालं म्हणे. "किती मळ धरला होता ताई याने," त्या अभिमानाने म्हणाल्या. दगड करडा पडला होता. रेघाही करड्या, दगडही करडा, आणि डायनोसोर दिसेनासा झालेला. बोट फिरवलं तर कळत होता. शेपटीच्या पुढची ती सटकलेली रेघ बोटाला अचूक लागली.

दोन दिवस मी तो तसाच ठेवला. उलट म्हटलं, आता कुठे हा प्रामाणिक झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी चपलांच्या कपाटातून काळ्या पॉलिशची डबी काढली, जुन्या बनियनचा तुकडा घेतला आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले. आधी कपड्याने लावलं, ते खाचांत जाऊन बसलं. मग डोकं चालवून अंगठ्यानेच पातळ थर दिला, गोल गोल, आणि रेघांमधलं पॉलिश टाचणीने उकरून काढत बसले. रॉकेलसारखा, मेणासारखा तो वास. विमानतळावरच्या मुलाने तो लगेच ओळखला होता. तासाभराने डायनोसोर परत आला. कुऱ्हाडवाला माणूस परत आला. खरं सांगायचं तर आधीपेक्षा जरा बरा आला, डोळ्यापाशी मी पॉलिश थोडं जास्त ठेवलं.

संध्याकाळी भाजीवाल्याला पैसे देताना त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "काकू, दारात सापडलं का बोट?" मी अंगठा बघितला. नख पार काळं झालं होतं.

"हो," मी म्हटलं.